बातमीतला आकडा आणि बांधावरचा प्रश्न

मागच्या आठवड्यात सेलूहून एका विद्यार्थिनीचा फोन आला. एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालंय, पेटची तयारी चालू आहे. म्हणाली, "दादा, एआयमध्येच विषय घ्यायचा हे पक्कं आहे. पण रोज एक नवी बातमी येते. सोमवारी एक विषय ठरवते आणि गुरुवारपर्यंत तो जुना वाटायला लागतो. धरू तरी कोणता?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. नांदेडच्या विद्यापीठाच्या पेटला बसणारे, नेट-सेटचा अभ्यास करणारे, सिनॉप्सिस लिहायला घेतलेले असे बरेच जण थोड्याफार फरकाने हेच विचारतात. म्हणून फोनवर अर्धवट राहिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितो.

थोडं माझ्याबद्दल. मी परभणी जिल्ह्यातलाच. पीएचडीला येण्याआधी पाच वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर डेव्हलपर होतो. तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचणं तेव्हा कामाचाच भाग होता. नवं काय आलं, ते आपल्या प्रोजेक्टला लागू पडतं का, बस. डेव्हलपर बातमी वाचतो ती "हे वापरू का?" असं विचारत. संशोधकाने ती "हे यांना कळलं कसं?" असं विचारत वाचायची असते. दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत, पण पहिला प्रश्न घेऊन पीएचडीला आलात तर काय होतं, ते आधी माझ्याच उदाहरणाने सांगतो.

माझा फसलेला पहिला सिनॉप्सिस

मी लिहिलेल्या पहिल्या सिनॉप्सिसचा विषय होता, पानाच्या फोटोवरून सोयाबीन आणि कापसाचे रोग ओळखणं. डोक्यात एक बातमी होती: मोबाईलवर फोटो काढा, संगणक ९९ टक्के अचूक रोग सांगतो. मला वाटलं, झालं की! आपल्याकडे सोयाबीन आहे, कापूस आहे, रोगही भरपूर आहेत. मॉडेल तयारच आहे, फक्त आपल्या जिल्ह्यात आणून बसवायचं.

गाईड सरांनी पान वाचलं आणि एकच विचारलं, "यातल्या डेटामध्ये सोयाबीनचे रोग कोणते आहेत?"

मी तो डेटा उघडूनच पाहिला नव्हता.

त्या रात्री उघडला. प्लांटव्हिलेज नावाचा हा फोटोंचा संग्रह या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. त्याच्यावर आधारलेला मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांचा २०१६ चा निबंध तर हजारो लोकांनी उद्धृत केलाय. फोटो ५४,३०६. पिकं १४, रोग २६. पीक आणि रोग किंवा निरोगी अशा जोड्या मिळून ३८ वर्ग. सर्वांत चांगल्या मॉडेलची अचूकता ९९.३५ टक्के. म्हणजे बातमीतला आकडा खोटा नव्हता.

पण त्या १४ पिकांत कापूस नाहीच. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी पानांचं. सोयाबीनच्या रोगाचा एकही वर्ग त्यात नाही. पिवळा मोझॅक नाही, तांबेरा नाही. मी जे ओळखायला निघालो होतो ते त्या संग्रहात नव्हतंच.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. ते फोटो म्हणजे एक एक पान, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेलं. शेतात असं पान कुठे मिळतं? तिथे पानावर पान असतं, धूळ असते, दुपारचं ऊन असतं, फोटोत निम्मा अंगठा येतो. आणि हे त्या संशोधकांनाही माहीत होतं. त्यांनी वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर आपलं मॉडेल तपासलं आणि निकाल निबंधात स्पष्ट लिहिला: अचूकता ३१ टक्क्यांच्या जरा वर. ३८ वर्गांत नुसता अंदाज ठोकला तर साधारण २.६ टक्के बरोबर येतील, त्या मानाने ३१ चांगलेच. पण ९९ आणि ३१ यांच्यामध्ये एका शेतकऱ्याचा अख्खा हंगाम बसतो.

९९ चा आकडा माझ्यापर्यंत बातमीतून आला. ३१ चा आकडा मात्र निबंधात जाऊन शोधावा लागला. दोन्ही एकाच निबंधातले. माझे सहा महिने त्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत गेले. तुमचे जाऊ नयेत, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आकडा उभा कशावर आहे?

आता गाजलेली एक बातमी घेऊ. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीक कंपनीने आर-वन हे मॉडेल खुलं केलं. सगळीकडे एकच चर्चा, की अमेरिकी कंपन्या अब्जावधी ओततायत आणि यांनी ते साठ लाख डॉलरच्या आत करून दाखवलं. २७ जानेवारीला एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्के पडला आणि कंपनीचं बाजारमूल्य जवळपास ६०० अब्ज डॉलरनी घटलं.

हा "साठ लाखांच्या आत" आकडा आला कुठून? त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, डीपसीकने आपल्या व्ही-थ्री मॉडेलचा तांत्रिक अहवाल दिला होता. त्यात हिशेब असा: प्रशिक्षणाला २७.८८ लाख जीपीयू-तास लागले, तासाला भाडं २ डॉलर धरलं, गुणाकार ५५.७६ लाख डॉलर. म्हणजे ही प्रत्यक्ष खर्चाची पावती नाही, भाडं गृहीत धरून केलेला गुणाकार आहे. शिवाय आकडा व्ही-थ्रीचा, आणि चर्चा आर-वनची. आणि तिथेच पुढे लिहिलंय, की हा फक्त शेवटच्या अधिकृत प्रशिक्षणाचा खर्च आहे. आधीचं संशोधन, रचना आणि डेटावर करून पाहिलेले प्रयोग यांचा खर्च यात धरलेला नाही.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर, एखाद्याने "माझा एकरी खर्च फक्त एवढाच" म्हणून सांगावं आणि त्यात फक्त बियाणं आणि पेरणी धरलेली असावी. जमीन, बैल, घरच्या माणसांची मजुरी आणि गेल्या वर्षी वाया गेलेली दुबार पेरणी यातलं काहीच नाही. तो खोटं बोलला का? नाही. त्याने काय धरलं ते सांगितलंसुद्धा. आपणच पुढचं वाक्य ऐकलं नाही.

म्हणून पहिली सवय लावून घ्या. बातमीत आकडा दिसला की तो मूळ कागदात शोधायचा आणि त्याच्या पुढची-मागची चार वाक्यं वाचायची. बहुतेक वेळा तो कागद फुकट मिळतो. आरकाईव्हवर निबंध असतो, नाहीतर कंपनीच्या संकेतस्थळावर अहवाल असतो. इंग्रजी अवघड वाटलं तरी हरकत नाही. सगळा निबंध वाचू नका. आधी सारांश, मग आकडा असलेला तक्ता, मग "मर्यादा" असं नाव असलेला भाग. याच क्रमाने.

दोन अभ्यास, दोन उलटी उत्तरं

दुसरी बातमी नोकऱ्यांची. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने साधारण दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर कर्मचारी कमी करणार असं सांगितलं. आपल्याकडच्या कितीतरी घरांतला एखादा तरी पोरगा पुण्यात किंवा हैदराबादला आयटीत असतो, त्यामुळे ही बातमी घराघरात पोचली. लगेच निष्कर्ष निघाला, की एआय कोड लिहायला लागलं, आता डेव्हलपर संपले. आणि पाठोपाठ दुसरा, "मग पीएचडीच करू." कंपनीने कपात जाहीर केली ही एक गोष्ट आणि ती एआयमुळेच झाली ही दुसरी. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. आणि नोकरीच्या भीतीने पीएचडीला येऊ नका. ती भीती इथेही पाठ सोडत नाही, शिवाय फेलोशिप वेळेवर येईल का ही नवी भीती जोडीला येते.

पण एआयमुळे डेव्हलपरचं काम खरंच किती वेगाने होतं? हे मोजता येतं आणि लोकांनी मोजलंयसुद्धा. दोन अभ्यास शेजारी ठेवून बघा.

पहिला २०२३ चा, गिटहब कोपायलटवरचा. ९५ व्यावसायिक प्रोग्रॅमर घेतले आणि त्यांचे दोन गट केले. काम सगळ्यांना एकच: जावास्क्रिप्टमध्ये एक एचटीटीपी सर्व्हर लिहा. ज्यांच्याकडे कोपायलट होतं त्यांनी ते ५५.८ टक्के लवकर पूर्ण केलं.

दुसरा जुलै २०२५ चा, मीटर नावाच्या संस्थेचा. १६ अनुभवी डेव्हलपर, २४६ कामं. पण ही कामं त्यांच्या स्वतःच्या मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पांतली होती, ज्यांत ते सरासरी पाच वर्षं काम करत आले होते. प्रत्येक कामासाठी जणू चिठ्ठी काढली: या कामाला एआय वापरायची मुभा, त्या कामाला नाही. निकाल असा आला की एआयची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि गंमत पुढे आहे. काम सुरू करण्याआधी डेव्हलपरांना वाटत होतं की आपला वेळ २४ टक्के वाचेल. संपल्यावरही वाटत होतं की २० टक्के वाचला. घड्याळ मात्र उलटं सांगत होतं.

मग खरं कोण? इथे बरेच विद्यार्थी आपल्याला आवडणारी बाजू उचलतात. त्याऐवजी असं विचारा, की दोघांनी एकच गोष्ट मोजली का? नाही. एकाने कोऱ्या पाटीवर नवं, नेहमीच्या साच्यातलं काम दिलं. दुसऱ्याने वर्षानुवर्षं वाढलेल्या कोडमधलं काम दिलं, तेही तो कोड तोंडपाठ असलेल्या माणसाला. माझ्या अनुभवातही डेव्हलपरचा दिवस नवा कोड लिहिण्यात कमी आणि जुना कोड समजून घेण्यात जास्त जातो. नवख्या गड्याला रस्ता विचारावा लागतो. गावातल्या माणसाला रस्ता सांगत बसलात तर त्याला उशीरच होणार. दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात. मीटरच्या संशोधकांनीही आमचा निकाल सगळ्या डेव्हलपरांना लागू होतो असं आम्ही म्हणत नाही, हे स्वच्छ लिहिलंय. शिवाय ती साधनं २०२५ च्या सुरुवातीची होती.

यातून संशोधनाच्या तीन गोष्टी फुकटात शिकायला मिळतात. एक, चिठ्ठी टाकून वाटणी का करायची: नाहीतर सोपी कामं आपोआप एका बाजूला जातात. दोन, माणसाला काय वाटतं आणि घड्याळ काय सांगतं हे वेगवेगळं मोजायचं. तुमच्या प्रश्नावलीत "हे ॲप उपयोगी वाटलं का?" एवढाच प्रश्न असेल तर तुम्ही फक्त वाटणं मोजताय. तीन, आकड्याच्या शेजारी "कोणत्या लोकांवर, कोणत्या कामावर" हे लिहिल्याशिवाय तो आकडा आपल्या वहीत उतरवायचा नाही.

आपल्या भाषेचा हिशेब

आता घराजवळ येऊ. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणलं, तेव्हा एक तक्ता दिला होता. त्यात मराठीचं नाव होतं. लिहिलं होतं, की मराठीला आता २.९ पट कमी टोकन लागतात, ९६ वरून ३३. पोरांनी स्टेटसला ठेवलं, "एआयला आता मराठी येतं."

टोकन म्हणजे काय ते आधी बघू. भाषा-मॉडेल अक्षरं वाचत नाही, शब्दही वाचत नाही. मजकुराचे तुकडे करून वाचतं. त्या तुकड्यांना टोकन म्हणतात. प्रशिक्षणाच्या मजकुरात जे तुकडे वारंवार दिसतात ते अख्खे ठेवले जातात आणि जे क्वचित दिसतात ते बारीक चुरले जातात. इंटरनेटवर इंग्रजी भरपूर, म्हणून इंग्रजी शब्द बहुधा एका तुकड्यात बसतो. मराठी कमी, म्हणून शब्दाचा चुरा होतो.

त्यात साठवणीचा भाग वेगळाच. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. "परभणी" लिहायला पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. "शेतकऱ्याला" या एका शब्दात काना, मात्रा, हलन्त धरून दहा चिन्हं, ३० बाइट. मॉडेलचं भाडं टोकनवर, एका वेळी किती मजकूर वाचता येईल त्याची मर्यादा टोकनवर. म्हणजे तोच प्रश्न मराठीत विचारला की जास्त पैसे आणि कमी जागा.

आता तो तक्ता पुन्हा वाचा. त्याच तक्त्यात इंग्रजी २७ वरून २४ झालंय. म्हणजे आधी मराठीला इंग्रजीच्या साधारण ३.६ पट टोकन लागत होते, आता साधारण १.४ पट. सुधारणा मोठी आहे, नाकारायचं कारण नाही. पण हा हिशेब केला कशावर? एकाच वाक्यावर. "नमस्कार, मी अमुक, नव्या प्रकारचं भाषा-मॉडेल, भेटून आनंद झाला," अशा अर्थाचं ते ओळखीचं वाक्य होतं. आता हे बघा: "औंदा पऱ्हाटीवर लाल्या पडला, वापसा बी नाही, काय फवारावं?" या वाक्याला किती टोकन लागतील? तो तक्ता ते सांगत नाही. आणि समजा कमी लागले, तरी "लाल्या" म्हणजे काय हे मॉडेलला कळलं असं त्यातून सिद्ध होतं का? टोकन कमी होणं म्हणजे भाडं कमी होणं. अर्थ कळणं ही वेगळी गोष्ट आणि ती वेगळीच मोजावी लागते.

जाता जाता मराठीची एक खास गंमत सांगतो, कारण हिच्यापायी डेव्हलपर असताना मी दोन रात्री जागलोय. "शेतकऱ्यांना" मधला "ऱ्य" संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एक ऱ, हलन्त आणि य. दुसरा साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डवरून लिहिलेला शेतकरी दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला की सापडत नाही! मराठी डेटावर काम करणार असाल तर पहिल्याच दिवशी हे एकसारखं करून घ्या. जुन्या पीडीएफ श्रीलिपीसारख्या फाँटातल्या असतील तर मजकूर कॉपी केल्यावर भलतीच अक्षरं येतात, तेही आधी तपासा. सिनॉप्सिसमध्ये अशी कामं कोणी लिहीत नाही, पण वेळ यांनाच लागतो.

बारामतीचा ऊस, परभणीचं सोयाबीन

जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांनी बारामतीच्या उसाचा व्हिडिओ टाकला, इलॉन मस्क यांनी त्याला उत्तर दिलं आणि अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा तो प्रयोग जगभर गेला. उपग्रह, हवामान केंद्र, मातीतले सेन्सर आणि या सगळ्यावरून पाणी-खताचा सल्ला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, २०२५ ते २०२९ साठी, पहिल्या तीन वर्षांना ५०० कोटी रुपये. आपल्या दाराशी, १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, नाहेप प्रकल्पाखाली यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांवर काम झालंय.

या सगळ्या चांगल्या बातम्या आहेत. पण संशोधक म्हणून तुमचा प्रश्न असा हवा, की एका ठिकाणी लागलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी लागते का? ऊस हे बागायती आणि लांब मुदतीचं पीक. आज कमी पाणी दिलं तर आठ दिवसांनी सुधारता येतं. आपलं सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांचं आणि बहुतेकांचं पावसाच्या भरवशावर. जायकवाडीचा कालवा जिल्ह्याच्या काही भागाला आहे, जिंतूरच्या माळावर नाही. "आज पाणी द्या" हा सल्ला कितीही अचूक असला तरी विहीर कोरडी असताना त्याचं काय करायचं? अशा ठिकाणी सल्ला वेगळाच लागतो: पेरू का थांबू, फवारू का नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि वापसा आल्याशिवाय पेरू नका, हे विद्यापीठ दरवर्षी सांगतं. या शिवारात तो पाऊस झाला का, याचं उत्तर मंडळाच्या पर्जन्यमापकावर ठरतं आणि मापक असतं दहा किलोमीटरवर. या एका वाक्यात दोन-तीन पीएचडी दडलेल्या आहेत, आणि त्यांना इलॉन मस्क यांच्या उत्तराची गरज नाही.

मग विषय कसा बांधायचा?

सेलूच्या त्या विद्यार्थिनीबरोबर आम्ही फोनवर एक प्रश्न बांधून पाहिला. तो पायरीपायरीने सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमचा बांधता येईल.

सुरुवात बातमीपासूनच केली. २०२५ मध्ये राज्याच्या कृषी विभागाचं महाविस्तार ॲप आलं, त्यात मराठीत प्रश्न विचारायची सोय आहे. अशी साधनं आता वाढतच जाणार. बातमीतला दावा: शेतकरी आपल्या भाषेत विचारेल आणि उत्तर मिळेल.

दाव्यातला न मोजलेला शब्द शोधला: "आपल्या भाषेत". कोणाच्या? पुस्तकातली मराठी वेगळी, पाथरीच्या शेतकऱ्याची वेगळी. तो कपाशी नाही म्हणत, पऱ्हाटी म्हणतो. लाल्या ही तर चांगली परीक्षा आहे. पान लाल होतं ते बऱ्याचदा मॅग्नेशियम किंवा नत्राच्या कमतरतेने, तुडतुड्यांनी, पाणी साचल्याने किंवा थंडीने. मॉडेलने त्याला बुरशी समजून बुरशीनाशक सांगितलं तर फवारणीचे पैसे गेले, मजुरी गेली आणि पऱ्हाटी लालच राहिली.

मग आधी काय झालंय ते पाहिलं. मद्रास आयआयटीच्या एआयफॉरभारतने २०२३ मध्ये २२ भाषांसाठी इंडिकट्रान्स-२ हे भाषांतराचं मॉडेल खुलं केलं. पुण्याच्या एल-थ्री-क्यूबने मराठीचे डेटासंच बनवले. त्यांचा महासेंट म्हणजे सुमारे १६ हजार मराठी ट्विट. मोलाचं काम आहे, पण ट्विटमध्ये लाल्या सापडायचा नाही. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे आणि तिथल्या प्रश्नांच्या नोंदी सरकारी खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर जिल्ह्यानुसार मिळतात. तिला वाटलं, मिळाला डेटा! उघडून बघ म्हटलं. शेतकऱ्याने विचारलं आपल्या बोलीत आणि नोंद झाली बहुतेक ठिकाणी इंग्रजीत, चार-पाच शब्दांत. शेतकऱ्याचा शब्द नोंद करतानाच हरवलाय. हीच ती रिकामी जागा, ज्याला आपण इंग्रजीत रिसर्च गॅप म्हणतो. "यावर कुणीच काम केलेलं नाही" असं छातीठोक लिहिण्यापेक्षा "अमुक डेटात तमुक नाही, मी उघडून पाहिलं" हे वाक्य कितीतरी भक्कम.

प्रश्न असा ठरला: तोच प्रश्न परभणीच्या बोलीत आणि प्रमाण मराठीत विचारला, तर मॉडेलच्या उत्तराच्या अचूकतेत फरक पडतो का? दोनशे प्रश्न, दोन्ही रूपांत. शेतकऱ्यांची परवानगी घेऊन, नाव-गट नंबर न नोंदवता गोळा केलेले. मॉडेलचं नाव, आवृत्ती आणि तारीख वहीत लिहिलेली, कारण ते उद्या बदलणार. उत्तरं तपासायला दोन कृषितज्ज्ञ, आणि कोणतं उत्तर कोणत्या रूपाचं हे त्यांना न सांगता.

दोन तज्ज्ञ का, आणि ते किती एकमत आहेत हे कसं सांगायचं? इथे नवखे संशोधक फसतात. समजा दोघेही शंभरातल्या नव्वद उत्तरांना "बरोबर" म्हणतात. मग डोळे मिटून खुणा केल्या तरी त्यांचं ८२ टक्के वेळा जुळेल (०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१). म्हणून "८५ टक्के एकमत" ऐकायला भारी वाटलं तरी त्यात फारसं काही नाही. नुसत्या योगायोगाने जुळणारा भाग वजा करणारं माप जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलं, त्याला कोहेनचा कप्पा म्हणतात. इथे हिशेब केला तर तो ०.१७ च्या आसपास येतो, म्हणजे फारच कमी. आरएसीसमोर हा प्रश्न हमखास येतो, तयारीत राहा.

आणि शेवटची कसोटी. "फरक पडत नाही" असं उत्तर आलं तर? तरीही ते कामाचं आहे. मग बोलीची काळजी न करता लोक पुढे जाऊ शकतील. ज्या प्रश्नाचं हो आणि नाही ही दोन्ही उत्तरं कुणाच्या तरी उपयोगाची आहेत, तो प्रश्न बातमी जुनी झाली तरी जुना होत नाही. पुढच्या वर्षी नवं मॉडेल येऊ द्या, तुमचे दोनशे प्रश्न तेच राहतात आणि नव्या मॉडेललाही त्याच परीक्षेला बसवता येतं. "धरू तरी कोणता?" या तिच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच: मॉडेल धरू नको, परीक्षा धर.

तुमच्यासाठी गृहपाठ

या आठवड्यात तंत्रज्ञानाची एकच बातमी घ्या. तिच्यातला एक आकडा वहीत लिहा आणि खाली पाच ओळी: कोणी मोजला, कशावर मोजला, कशाशी तुलना केली, काय वगळलं, आणि माझ्या तालुक्यात तो तसाच येईल का. पाचवी ओळ लिहिताना अडलात तर खूश व्हा. तिथेच तुमचा विषय असण्याची शक्यता आहे.

माझे काका अजूनही खरिपात फोन करतात. मी संगणकाची पीएचडी करतोय म्हणजे मला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे. परवा पऱ्हाटीच्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "फवारू का नको?" मी ९९ टक्केवाल्या मॉडेलला विचारलं नाही. कृषी विद्यापीठातल्या ओळखीच्या सरांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "आधी पानाची मागची बाजू दाखव." काकांना दुसरा फोटो काढायला लावला. मागे तुडतुडे होते.

पानाची मागची बाजू बघा. बातमीची पण.